तोतोला ‘एका महिन्याचा हिरो’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

काल रात्री आमच्या पेठेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका भावाने यादी टाकली. ‘एकदाच चमकले आणि विझले’. दहा खेळाडू, आणि पहिल्याच नंबरला इटलीचा फुटबॉलपटू साल्वातोरे ‘तोतो’ स्किलाची. खाली शेरा: “एक वर्ल्ड कप खेळला, परत दिसलाच नाही!” त्यावर धडाधड अंगठे. मी त्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही टाकत नाही, पण काल मला काही केल्या झोप येईना. तिथे लिहिलं असतं तर “ताई, एवढं कोण वाचणार” असं ऐकावं लागलं असतं. म्हणून इथे लिहितेय. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

(आधी नावाचं. 1990 साली, त्या वर्ल्ड कपच्या वेळी, आम्ही सगळे ‘शिलाची’ म्हणायचो. इटालियन उच्चार स्किलाची. तोंडात मात्र अजून शिलाचीच येतं.)

मी तेव्हा सातवीत जाणार होते. आमच्या वाड्यात रंगीत टीव्ही एकच, मालकांच्या माडीवर. इटलीच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेबाराला लागायच्या. पोरं आधीच जाऊन जागा धरायची. मला एकटीला एवढ्या रात्री माडीवर पाठवायला आई तयार नव्हती, म्हणून सोबतीला आजी यायची. आजीला फुटबॉल नवा नव्हता. कोल्हापुरात पेठेत राहणाऱ्या बाईला तो नवा असूच शकत नाही. घरात भांडी कमी आणि वाळत घातलेल्या जर्सी जास्त, अशी परिस्थिती तिने दोन पिढ्या बघितलेली. फक्त एवढी हिरवीगार मैदानं तिने कधी बघितली नव्हती. “हितं म्हशी सोडत न्हाईत वाटतं,” म्हणाली होती.

9 जून. रोमचं ऑलिंपिक स्टेडियम, समोर ऑस्ट्रिया. यजमान इटली, सगळा देश डोक्यावर बसलेला, आणि गोल काही होईना. व्हियाली आणि कार्नेव्हाले पुढे. बॉल जातोय, आपटतोय, परत येतोय. पाऊण तास असाच, मग पुढचा अर्धा तासही तसाच. प्रशिक्षक अझेलियो विचिनी यांनी पंधरा मिनिटं उरलेली असताना कार्नेव्हालेला बाहेर काढलं आणि 19 नंबरचा एक सावळा, बेताच्या उंचीचा माणूस आत पाठवला. माडीवर कुणालाच तो माहीत नव्हता. माहीत असण्याचं कारणही नव्हतं. इटलीसाठी तो त्याआधी एकच सामना खेळला होता, मार्चच्या शेवटी बाझलला स्वित्झर्लंडविरुद्ध. 78 व्या मिनिटाला उजवीकडून व्हियालीचा क्रॉस आला, ऑस्ट्रियाचे दोन उंच गडी शेजारी असताना हा मधेच हवेत उठला आणि हेड मारला. 1-0. मग तो धावत सुटला. हात पसरलेले, तोंड उघडं, आणि ते डोळे! ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायची गरज नाही.

आजी म्हणाली, “त्या पोराचे डोळे बघ गं. उपाशी हाय ते.”

नंतर मोठमोठ्या लोकांनी त्या डोळ्यांवर बरंच लिहिलं. आजीने चार शब्दांत मिटवलं होतं.

आता यादीवाल्या भावाच्या मुद्द्याकडे येते. “एक महिना खेळला.” अरे, पंचविसाव्या वर्षी तो त्या मैदानात आला तो काय आभाळातून पडला? त्याआधी तो कुठे होता, हे एकानेही विचारू नये?

1 डिसेंबर 1964 ला पालेर्मोत जन्म. सिसिलीची राजधानी. लहानपण गेलं ते शहराच्या कडेच्या चेप नावाच्या वस्तीत. सरकारने गरिबांसाठी बांधलेली घरं. शाळेत रमला नाही. पोरवयातच टायरच्या दुकानात कामाला लागला. पालेर्मोची शहर बससेवा चालवणारी अमात नावाची कंपनी आहे, तिच्या हौशी संघातून खेळायला लागला. म्हणजे आपल्याकडे कुणी केएमटीच्या टीममधून सुरुवात करावी, तसं. शहराच्या मोठ्या क्लबने, पालेर्मोने, त्याला घेतलं नाही. पुढे आयुष्यभरात कधीच तो त्या क्लबकडून खेळला नाही. 1982 मध्ये त्याला घेतलं ते सिसिलीच्याच दुसऱ्या टोकाच्या मेसिनाने. इटलीने स्पेनमध्ये वर्ल्ड कप जिंकला तेच वर्ष. पाओलो रॉसी सहा गोल करून देशाचा देव झाला होता आणि हा अठरा वर्षांचाही नव्हता, खेळत होता चौथ्या पायरीच्या लीगमध्ये, सेरी सी-दोनमध्ये.

तिथे तो सात वर्षं होता. सात! लीगचे 219 सामने, 61 गोल. सी-दोनमधून सी-एक, तिथून 1986 मध्ये सेरी बी, म्हणजे दुसरी पायरी. क्लब एकेक पायरी वर चढला आणि हा त्याच्यासोबत चढला. दक्षिणेकडची ती खालच्या लीगची मैदानं म्हणजे काय असेल याची कल्पना आपल्याला करता येते, कारण आपण तसलीच मैदानं बघत आलोय. कडक माती, बचाववाले पिंढरीवर बूट ठेवणारे, पंचाच्या पाठीमागे कोपर मारणारे. फ्रांको स्कोल्यो नावाचे प्रशिक्षक तिथे होते, त्यांनी त्याला घडवला. शेवटच्या वर्षी आले झ्डेनेक झेमान. बचाव वगैरे नंतर बघू, आधी पुढे पळा, अशा डोक्याचा माणूस. त्यांच्या हाताखाली 1988-89 च्या मोसमात स्किलाचीने 23 गोल मारले आणि सेरी बीमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे झाले. तेव्हा कुठे उत्तरेकडून, तुरीनच्या युव्हेंटस क्लबचं बोलावणं आलं. वय चोवीस, पंचविसाकडे झुकलेलं.

इथे मला आमच्या गल्लीच्या तोंडाचं टायरचं दुकान आठवतं. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. तिथला पोरगा दिवसभर टॉमी घालून ट्रकचे टायर उलटायचा. ट्यूब पाण्याच्या पिंपात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, ती जागा काड्यापेटीच्या काडीने धरून ठेवायची, कानशीने घासायची, सोल्युशन लावून फुंकर मारायची. संध्याकाळी रॉकेलने हात धुऊन गांधी मैदानात हजर. नखातलं काळं कधी गेलं नाही. फॉरवर्डला खेळायचा. मी कधी त्याला जोरात पळताना बघितला नाही, पण बॉल गोलकीपरच्या हातून निसटला की हा तिथे उभा असायचाच. एका वर्षी शाहू स्टेडियमवर फायनलला त्याने शेवटच्या मिनिटांत गोल मारला आणि पेठेने त्याला खांद्यावर घेऊन घरी आणला. आज तो पन्नाशीच्या पुढे आहे, दुकानात कॉम्प्रेसर आलाय. हवा भरायला आलेला माणूस अजून त्या एका गोलाबद्दल विचारतो. त्याआधीची सहा-सात वर्षं तो दुय्यम संघातून, रिकाम्या गॅलरीपुढे, भर उन्हात खेळला त्याबद्दल कोणी विचारत नाही. मी एकदा विचारलं, तर हातातला पान्हा खाली ठेवून अर्धा तास बोलला. गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं.

तर युव्हेंटस. 1989-90 ची सेरी ए, इटलीची सगळ्यात वरची पायरी, म्हणजे त्या काळातली जगातली सगळ्यात अवघड लीग. मॅराडोना नेपल्सला, व्हॅन बास्टेन आणि गुलिट मिलानला, मॅथाउस इंटरला. गोल मारणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. त्या वर्षी सगळ्यात जास्त गोल व्हॅन बास्टेनचे, 19. मेसिनाहून आलेल्या या नवख्याचे पहिल्याच मोसमात 15. दिनो झॉफ प्रशिक्षक होते. युव्हेंटसने त्या वर्षी इटालियन कप जिंकला आणि युएफा कपही जिंकला. म्हणजे वर्ल्ड कपच्या आधीच या माणसाचं वर्षभराचं काम लोकांसमोर होतं. विचिनींनी त्याला काही लॉटरीच्या चिठ्ठीतून उचललं नव्हतं.

पुढचा महिना सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडं लिहितेच, कारण मला लिहायला आवडतं. अमेरिकेविरुद्ध त्याला परत राखीव ठेवलं, इटली कशीबशी 1-0 ने जिंकली, व्हियालीची पेनल्टी हुकली. त्या मॅचमध्ये कार्नेव्हालेला बाहेर काढलं तेव्हा त्याने विचिनींकडे बघून जे शब्द काढले ते आवाजाशिवायही कळले, आणि त्याची जागा गेली. तिसऱ्या सामन्यापासून पुढे दोघे: स्किलाची आणि रोबर्तो बाज्जो. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध नवव्या मिनिटाला स्किलाची. त्या मॅचमधला बाज्जोचा गोल इतका देखणा होता की तोतोचा गोल लोक विसरले. उरुग्वेविरुद्ध डीच्या बाहेरून डाव्या पायाने हाणलेला, गोलकीपरच्या डोक्यावरून जाऊन खाली पडणारा. आयर्लंडविरुद्ध दोनादोनीचा फटका गोलकीपर बॉनरच्या हातून निसटला आणि हा तिथे होताच. (टायरच्या दुकानातला पोरगा त्या रात्री माडीवर उडी मारून ओरडला होता, “ह्यो माझा गोल हाय!” मालकांनी त्याला जिन्यात बसवलं.)

मग 3 जुलै. सेमीफायनल, दक्षिण इटलीतल्या नेपल्सला. समोर अर्जेंटिना, आणि अर्जेंटिनात मॅराडोना, जो त्याच नेपल्सला नुकतंच लीगचं विजेतेपद मिळवून देऊन बसलेला. मॅचच्या आधी त्याने नेपल्सच्या लोकांना सरळ सांगितलं, की वर्षभर हे लोक तुम्हाला इटालियन समजत नाहीत आणि आज एक दिवस तुमचा पाठिंबा मागतायत. केवढा हलकल्लोळ झाला! पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी इटलीची सगळी आशा ज्याच्या पायावर होती तोही दक्षिणेचाच होता.

हा दक्षिण-उत्तर प्रकार आपल्याला नीट कळत नाही, म्हणून सांगते. उत्तर इटलीत कारखाने, पैसा, तुरीन-मिलान. दक्षिणेतून लोक पोटासाठी वर जायचे, फियाटच्या कारखान्यात लागायचे, आणि त्यांना ‘तेर्रोने’ म्हणून हिणवलं जायचं. मातीत राबणारा, गावंढळ, अशा अर्थाची शिवी. युव्हेंटस म्हणजे तुरीन, म्हणजेच फियाटवाल्या अन्येल्ली कुटुंबाचा क्लब. तिथे खेळायला सिसिलीतला टायरवाला गेला. तो उत्तरेत खेळायला उतरला की समोरच्या संघाचे प्रेक्षक गाणं म्हणायचे, स्किलाची टायर चोरतो. हजारो लोक एका सुरात. आणि याच लोकांनी त्या जूनमध्ये त्याच्या नावाने गळे फाडले. जुलै संपला, लीग सुरू झाली, आणि गाणं परत चालू.

नेपल्सला त्याने सतराव्या मिनिटाला गोल केला. व्हियालीचा फटका अर्जेंटिनाचा गोलकीपर गोयकोचेयाने अडवला, बॉल सुटला, तोतो तिथे. उत्तरार्धात अर्जेंटिनाच्या कानिज्जाने हेडने बरोबरी केली. इटलीचा गोलकीपर वॉल्टर झेंगावर त्या स्पर्धेत तोपर्यंत 517 मिनिटं एकही गोल झाला नव्हता, तो पहिला. मग टायब्रेकर. दोनादोनी आणि सेरेना यांच्या पेनल्टी गोयकोचेयाने अडवल्या, इटली बाहेर. स्किलाचीने त्यात पेनल्टी घेतली नाही. दुखापतीने बेजार आहे, म्हणाला. यावरूनही पुढे त्याला बोल लावले गेले. माझं मत असं, की दुखत असताना “मी मारत नाही” म्हणायला जास्त छाती लागते. पण हे मत पेठेत मांडलं की मार खावा लागतो.

त्या रात्री आमच्याकडे धो धो पाऊस. दोघे जण गच्चीवर अँटेना धरून भिजत उभे होते आणि खालून “डावीकडे! अजून डावीकडे!” चाललेलं. टायब्रेकर सुरू असताना चित्र मुंग्या-मुंग्या झालं. सेरेनाची पेनल्टी आम्ही बघितलीच नाही, फक्त समालोचकाच्या आवाजावरून कळली. आजी काही बोलली नाही, माझा हात धरून जिना उतरली.

तिसऱ्या जागेची मॅच 7 जुलैला बारीला, इंग्लंडविरुद्ध. असल्या मॅचला काही अर्थ नसतो असं म्हणतात. या मॅचला होता. इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टनचा तो 125 वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, आणि बाज्जोने त्याच्या पायातून बॉल काढून गोल केला, बिचारा शिल्टन. इंग्लंडच्या प्लॅटने बरोबरी केली. चार मिनिटं उरली असताना इटलीला पेनल्टी. पेनल्टी बाज्जोची. स्किलाचीचे आणि चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुहरावीचे पाच-पाच गोल झालेले. बाज्जोने बॉल तोतोला दिला: तू मार, सर्वाधिक गोल तुझे होऊ देत. सहावा गोल. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट, शिवाय सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात त्या बॅलन डी’ओरमध्येही त्या वर्षी मॅथाउसच्या खालोखाल दुसरा. आपल्याकडे फुटबॉलमधल्या मोठेपणाच्या गोष्टी निघतात तेव्हा बाज्जोची 1994 च्या वर्ल्ड कप फायनलमधली हुकलेली पेनल्टी हटकून निघते. त्याने दिलेली ही पेनल्टी कोणी काढत नाही.

त्यानंतरचं खरंच वाईट झालं, ते मी लपवत नाही. त्याच मोसमात बाज्जोही युव्हेंटसला आला आणि सगळ्यांना वाटलं आता काय, पाऊस पडणार गोलांचा. युव्हेंटस सातव्या नंबरवर फेकली गेली. स्किलाचीचे लीगमध्ये पाच गोल. नोव्हेंबरमध्ये बोलोन्याच्या फाबियो पोलीशी मैदानात जुंपली आणि हा रागाच्या भरात “तुला गोळी घालायला लावीन” असं बोलून गेला. सिसिलीचा माणूस असं बोलला म्हटल्यावर काय, माफियाच्या गप्पा मारायला उत्तरेतले टपलेलेच होते. बोलायला नको होतं, हे खरंच. पुढच्या वर्षी सहा गोल. मग मिलानचा इंटर क्लब, तिथे 30 सामन्यांत 11. दुखापती, बाकावर बसणं. इटलीसाठी वर्ल्ड कपनंतर एकच गोल, 1991 मध्ये ओस्लोला नॉर्वेविरुद्ध, तोही हरलेल्या मॅचमध्ये. एकूण 16 सामने, 7 गोल. त्यातले सहा त्या एका महिन्यातले. यादीवाल्या भावाकडे हा आकडा असणार, आणि आकडा बरोबर आहे.

पण मग पुढचं का लिहिलं नाहीस, भावा? 1994 मध्ये तो जपानला गेला, जुबिलो इवाताकडून खेळायला. जे-लीगमध्ये खेळणारा पहिला इटालियन. लोक हसले, म्हातारपणीचा पैसा कमवायला गेला म्हणाले. तिथे 78 सामन्यांत 56 गोल. 1995 च्या एका मोसमात 31! परत तेच, बॉल सुटला की हा तिथे. तिथे गॅलरीतून टायरचं गाणं कोणी म्हणत नव्हतं. मला राहून राहून वाटतं, इटलीत परत कुणी त्याला एवढा निवांतपणे खेळू दिला असता तर? पण हे माझं वाटणं झालं.

म्हणजे हिशोब कर. सतराव्या-अठराव्या वर्षापासून तिशीच्या पुढेपर्यंत हा माणूस गोल मारत होता. मेसिनाच्या मातीत, तुरीनमध्ये, जपानमध्ये. मधली तीन-चार वर्षं वाईट गेली. असल्या कारकिर्दीला आपल्या पेठेत आपण काय म्हणतो? “जुना गडी” म्हणतो, आणि मॅचला आला की खुर्ची देतो. टीव्हीवर आपल्याला त्याचा एक महिना दिसला, हा आपल्या अँटेनाचा दोष.

निवृत्तीनंतर तो पालेर्मोला परत गेला. पोरांना फुटबॉल शिकवायची शाळा चालवली. मधे टीव्हीवरच्या एका रिअ‍ॅलिटी शोमध्येही दिसला, तो भाग सोडून देऊ. 18 सप्टेंबर 2024 ला गेला, आतड्याच्या कॅन्सरने, पालेर्मोतच. साठीही गाठली नाही. बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसला निघालेली, गाडीच्या चाकात हवा कमी होती म्हणून त्याच दुकानात थांबले. सांगितलं, तोतो गेला. त्याने कॉम्प्रेसर बंद केला. “आमचा शिलाची?” एवढंच. मग हवा भरली, पैसे घेतले नाहीत.

पालेर्मोत त्याचं पार्थिव लोकांना दर्शनासाठी ठेवलं ते रेन्झो बार्बेरा स्टेडियममध्ये. ज्या क्लबने त्याला पोरवयात घेतलं नव्हतं, त्या क्लबच्या मैदानात. तिथून कॅथेड्रल.

एवढं लिहून यादीवाल्या भावाला लिंक पाठवली होती. आत्ता त्याचं उत्तर आलंय: “ताई, वाचलं. काढतो नाव. पण मग दहा पुरे करायला दुसरं कोण घालू?”